बेळगावात ॲक्सिडेंट क्लेमची वकिली करावी का, असं विचारणाऱ्या पोराला

खानापूर तालुक्यातल्या एका पोराने विचारलंय. यंदा एलएलबी झालं, आता बेळगावात राहून ॲक्सिडेंट क्लेमची, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांची प्रॅक्टिस करावी की पुण्याला एखाद्या फर्ममध्ये चिकटावं, यात पोट भरतं का, गावात मान राहतो का, आणि त्याचे मामा म्हणतात "ॲक्सिडेंटचे वकील म्हणजे दवाखान्याच्या दारातले एजंट" ते कितपत खरं. मी गेली चोवीस वर्षं हेच काम करतोय, चन्नम्मा सर्कलजवळच्या कोर्टात रोज उभा असतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस.

आधी मामांचं. मामा निम्मे बरोबर आहेत. रात्री अकरा वाजता हायवेवरून पेशंट येतो, नातेवाईक अजून वाटेत असतात, आणि कॅज्युअल्टीच्या बाहेर एकजण कोरा वकालतनामा घेऊन उभा असतो. कधी त्याला ॲम्ब्युलन्सवाल्याने फोन केलेला असतो, कधी अजून कोणीतरी. माणूस स्ट्रेचरवर असताना अंगठा घेतलेला मी डोळ्यांनी बघितलाय. सकाळी घरची मंडळी येतात तेव्हा त्यांचा वकील ठरलेला असतो आणि त्या वकिलाचं तोंड त्यांनी बघितलेलंही नसतं. बार कौन्सिलच्या नियमात वकिलाने काम मागत फिरणं बंद, जाहिरात बंद, आणि मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणंही बंद. अमेरिकेत तिसरा हिस्सा घेतात म्हणून आपल्याकडचे काही जण ऐटीत सांगतात, तिकडचं तिकडे, आपल्याकडे ते गैरवर्तन आहे. तरी चालतं, मी नाही म्हणत नाही. तू त्यात पडू नको एवढंच सांगेन, कारण एजंटाने आणलेली केस ही एजंटाची असते, तुझी नसते, आणि उद्या तो दुसऱ्या वकिलाकडे गेला की फाईल पण गेली.

आता मी कसा शिकलो ते सांगतो म्हणजे या कामात नेमकं काय असतं ते कळेल. माझे सीनियर कन्नड भाषिक, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. पहिले आठ महिने त्यांनी मला एकच काम दिलं, जुन्या फाईलींमधल्या एफआयआर आणि जबाब मोठ्याने वाचायचे. माझं शिक्षण मराठी मीडियममध्ये, कन्नड शाळेत विषय म्हणून होतं, छापील वाचायचो खरं पोलिसाच्या हातचं एक ओळ लागायची नाही. मला वाटायचं हे काय कारकुनी काम लावलंय. का लावलं ते कळायला एक केस हरावी लागली.

खानापूरच्या अलीकडचं एक गाव, ऊसतोडीचे दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सहा बायका, ऊस भरून माघारी येत होत्या, वळणावर ट्रॉली कलंडली, एक आक्का जागेवर गेली. तिच्या जावेने ठाण्यात मराठीत सांगितलं, "ऊस भरून माघारी येऊलालो होतो, वाटेत जत्रेला उतरणार होतो." लिहिणाऱ्याने कन्नडमध्ये लिहिलं, जात्रेगे होगुवाग, म्हणजे जत्रेला जाताना. बाईने खाली सही केली. तिला वाचून दाखवलं असं शेवटी छापील लिहिलेलं असतंच. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी कधीच म्हटलं नाही, त्याला दिवसभरात असे चार जबाब लिहायचे असतात, लांब वाक्य त्याने आखूड केलं. पण त्या अर्ध्या वाक्याने केस बदलली. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत मजुरांसाठी जादा प्रीमियम भरलेला होता, म्हणजे बायका मालकाच्या कामावर होत्या असं धरलं तर इन्शुरन्स कंपनीने पैसे द्यायचे. जत्रेला चालल्या होत्या असं धरलं तर त्या मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवासी, आणि अशा प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली आशाराणीच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. मी कोर्टात तोंड फुटेस्तोवर सांगितलं की मुकादमाची हजेरी वही आहे, बाकीच्या बायका साक्षीला आहेत. समोरच्या वकिलाने पहिला जबाब पुढे केला. कंपनी सुटली, हुकूम झाला ट्रॅक्टर मालकावर, आणि मालकाकडे एक एकर जमीन, ती पण सोसायटीला गहाण. तो हुकूम अजून माझ्या कपाटात आहे. जबाब झाल्यानंतर तीन आठवड्यांनी ती मंडळी माझ्याकडे आली होती, मी तेव्हाच ते वाक्य पकडून फेरजबाबासाठी अर्ज द्यायला पाहिजे होता. मी कागद वरवर वाचला. चूक माझी.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलोय. आपल्या भागात जखमी माणूस मराठीत बोलतो, त्याचा कागद कन्नडमध्ये होतो, आणि निकाल इंग्रजीत येतो. या तिन्हीच्या मधे जो बसून वाचून दाखवतो तो वकील. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे, तो कुठल्याही हुशार पोराला महिन्याभरात वाचून होईल. पण सही करण्याआधी "तात्या, इथं असं लिहिलंय, तुम्ही असंच म्हणालात न्हवं?" हे विचारणारा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून सापडत नाही.

कागदांचं थोडं सांगतो. एफआयआर, पंचनामा, जागेचं स्केच, गाडी तपासून आरटीओचा इन्स्पेक्टर देतो तो आयएमव्ही रिपोर्ट, दवाखान्याचं वूंड सर्टिफिकेट, डिस्चार्ज समरी, एक्स-रेच्या फिल्म (रिपोर्ट नव्हे, फिल्म), औषधांची बिलं, मयत असेल तर पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्ट आणि वंशावळ. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर रिपोर्ट ट्रिब्युनलला (क्लेम ऐकणाऱ्या कोर्टाला) पाठवायचा असतो. तू मात्र स्वतःची प्रत काढायचीच. क्लेमचा अर्ज करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून परत आलीय, त्यावरून सुप्रीम कोर्टात भांडण गेलंय हे खरं, पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही, माणूस दवाखान्यातून घरी आला की अर्ज तयार पाहिजे. आणि लोकांना हेही सांग की मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या माणसाला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे, ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर मयताला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. निम्म्या लोकांना हे ठाऊकच नसतं, ते गाडी सापडली नाही म्हणून घरी बसतात. आणि मग कोणीतरी शहाणा येऊन सांगतो की माझ्या पाव्हण्याची गाडी आहे, इन्शुरन्स चालू आहे, तीच दाखवू. असल्या गाडी बदलायच्या नि ड्रायव्हर बदलायच्या भानगडीत एकदा जरी सापडलास तर चोवीस वर्षांची इज्जत एका तारखेला जाते.

उसाच्या सीझनचं वेगळं सांगायला पाहिजे कारण थंडीतल्या निम्म्या केसेस त्याच असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलात किंवा नाहीच, पंक्चर झाली की रस्त्यातच चाकाखाली दगड लावून उभी. रात्री उद्यमबागेतून सेकंड शिफ्ट सुटून पोरगं मोटरसायकलवर गावी निघतं आणि मागून जाऊन धडकतं. इन्शुरन्स कंपनी म्हणते मागून धडकला म्हणजे चूक त्याची. आयएमव्ही रिपोर्टात ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक एवढंच लिहिलेलं असतं, रिफ्लेक्टरबद्दल एक अक्षर नसतं. म्हणून फोन आला की मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत जागेवर जातो, ट्रॉली हलवायच्या आधी मागच्या बाजूचे फोटो काढतो, तो चाकाखालचा दगडसुद्धा फोटोत घेतो. आणि ट्रॉलीचा नंबर वेगळा, इन्शुरन्स वेगळा असतो हे विसरू नको, बऱ्याचदा ट्रॅक्टरचा असतो नि ट्रॉलीचा नसतो.

आता पैसे कसे ठरतात. धर, बत्तीस वर्षांचा गवंडी गेला, महिना पंधरा हजार मिळवायचा, मागे बायको, दोन पोरं, आई. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या हातावरचा धंदा, म्हणून पुढे कमाई वाढली असती त्यापोटी ४० टक्के धरायचे (हे २०१७ च्या प्रणय सेठीच्या निकालाने ठरलं), झाले एकवीस हजार. चार जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव वजा, राहिले १५,७५०. गुणिले बारा, १,८९,०००. बत्तीस वयाला गुणक (वयावरून किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १६, तो २००९ च्या सरला वर्माच्या निकालातल्या तक्त्यातून. झाले तीस लाख चोवीस हजार, वर सहवासाचे, अंत्यविधीचे वगैरे थोडे. हे गणित पाचवीच्या पोराला येईल. भांडण सगळं त्या पंधरा हजारावर असतं. गवंड्याकडे पगाराची स्लिप कुठली असणार? पुरावा नसला की कोर्ट आपल्याकडे लीगल सर्व्हिसेस ऑथॉरिटीने लोक अदालतीसाठी केलेला वर्षवार तक्ता बघून आकडा धरतं. मग तू तो ज्याच्या हाताखाली काम करायचा त्या कॉन्ट्रॅक्टरला शोधायचं, त्याला वहीसकट साक्षीला आणायचं, तो जीएसटीच्या भीतीने येत नाही, त्याच्या घरी तीनदा जायचं. वकिली म्हणजे हे.

जखमीच्या केसमध्ये तर अजून. वडगावातला एक विणकर, घरातच दोन माग, टमटमने उडवलं, डाव्या हाताचा अंगठा नि तर्जनी पहिल्यासारखी मिटत नाहीत. डॉक्टरांनी हाताचं अपंगत्व २४ टक्के दिलं. कंपनीचा हिशोब, हाताचं २४ म्हणजे अख्ख्या अंगाचं त्याच्या तिसरा हिस्सा, आठ टक्के, संपलं. मी एक दुपारभर त्याच्या घरी मागाशेजारी जाऊन बसलो. आता भाऊ माग चालवायचा. रेशमाचा तार तुटला की माग थांबवायचा, दोन्ही टोकं चिमटीत धरायची, बारकी गाठ मारायची, परत चालू. एका तासात अकरा वेळा तार तुटला. मी मोजला. साक्षीत डॉक्टरांना मी टक्के विचारलेच नाहीत, विचारलं की साहेब, हा माणूस या बोटांनी रेशमाच्या दोन तारांची गाठ मारू शकेल का? डॉक्टर जरा थांबले, म्हणाले, नाही. मग राजकुमार वि. अजयकुमार, २०१०, की शरीराचं अपंगत्व वेगळं नि कमाईचं नुकसान वेगळं, हा निकाल हातात दिला. कोर्टाने चाळीस टक्के धरले. त्याच्या बायकोने नंतर घरी बोलवून जेवायला वाढलं, तो मात्र गप्प होता, कारण चाळीस टक्के मिळाले तरी माग त्याला चालवता येत नव्हताच.

सरहद्दीचा एक फायदा आपल्याकडे आहे तो पुण्याच्या फर्ममधल्याला कळणार नाही. क्लेम कुठे लावायचा हे जखमी माणूस ठरवतो, अपघात झाला तिथे, तो राहतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. चंदगडचा माणूस शिनोळीवरून बाजाराला बेळगावात येतो, हिंडलग्याजवळ गाडी ठोकते, एफआयआर इकडे कन्नडमध्ये, पण क्लेम त्याला कोल्हापूर जिल्ह्यात लावता येतो. तिकडे मराठीत साक्ष होते, म्हातारी आई साक्षीला असेल तर हे लहान नाही. पूर्वी तिकडून अपील म्हणजे मुंबई, आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय. आपल्याकडे २००८ पासून धारवाडचं हायकोर्ट बेंच आहे, त्याआधी सीनियर रात्रीच्या गाडीने बेंगळूरला जायचे. उलट इकडचा डॉक्टर, इकडचा पोलीस साक्षीला तिकडे न्यायचा तर ते येत नाहीत, म्हणून केस बघून ठरवायचं. सनद (वकिलीचा परवाना) कर्नाटकची असली तरी तुला दोन्हीकडे उभं राहता येतं. आणि कन्नडचं आत्ताच मनावर घे. गावात नोव्हेंबरच्या एक तारखेला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा, काळा दिन पाळतो तो तुझा विचार तुझ्यापाशी, मी पण त्यातलाच आहे, पोरांवर आंदोलनाच्या केसेस झाल्या तेव्हा आम्ही मराठी वकील फी न घेता उभे राहिलोच की, आणि खरं सांगतो, त्यातल्या दोन जामिनांना शेजारच्या टेबलावरच्या कन्नड मित्राने ड्राफ्टिंग करून दिलं. बार रूममध्ये डबा एकत्रच उघडतो. पण कन्नड येत नसलेला मराठी वकील आपल्या मराठी पक्षकाराचंच नुकसान करतो, ते मी वर सांगितलंच.

हुकूम झाला की काम संपलं असं समजू नको. पैसे जमा झाले की त्या घरात कुठकुठले पाव्हणे उगवतात. दीर म्हणतो वहिनी, सामायिक आहे. १९९३ च्या सुसम्मा थॉमसच्या निकालापासून कोर्टं बराचसा भाग बँकेत एफडी ठेवायला सांगतात, पोरांचा हिस्सा ती सज्ञान होईस्तोवर. विधवा बाईला सुरुवातीला याचा राग येतो, माझेच पैसे मला देत नाहीत म्हणून. कंग्राळीच्या एका वैनींनी मला दोन वर्षं दर महिन्याला येऊन शिव्या दिल्या. पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी कोर्टात अर्ज देऊन एफडी मोडली तेव्हा रक्कम तशीच्या तशी होती, तोवर घरातलं बाकी सगळं दिराने विकलं होतं. माझ्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे, कुणाची एफडी कधी संपते त्याची. ती वही सांभाळायची फी कोणी देत नाही.

फी आणि पोटाचं विचारलंयस. पहिली तीन-चार वर्षं सीनियर पेट्रोलपुरतं देईल, घरात शेती असेल तर बरं. क्लेमच्या केसला दोन ते चार वर्षं लागतात, तोवर पक्षकाराकडे द्यायला काही नसतं, म्हणून फी ठरवून हप्त्याने घ्यायची, कागदावर लिहून. जोडीला दिवाणी, बॉण्ड-करार, सोसायटीची वसुली असं काहीतरी ठेव. पाचव्या वर्षापासून गाडा ओढतो. पुण्यातल्या तुझ्या मित्राएवढा पगार नाही होणार, पण येळ्ळूरच्या यात्रेत पाच जण हात धरून जेवायला नेतील.

मानाचं मात्र जरा सांभाळून. गावात वकील म्हटला की शिवजयंतीच्या चित्ररथाच्या परवानगीपासून गणपती मंडळाच्या स्पीकरपर्यंत सगळं तुझ्याकडे येतं, कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनाच्या स्वागत समितीवर नाव येतं, पतसंस्थेवर सल्लागार म्हणून घेतात. जा, नाही म्हणू नको, पण तिथे कार्ड वाटत बसू नको. मी एकदा मंडळाच्या मांडवात अपघात झाल्यावर काय करायचं यावर अर्धा तास बोललो, ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत, कलम १३४-अ आहे, असं सगळं. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात त्याच मंडळाच्या अध्यक्षाची ट्रॉली अंधारात उभी होती आणि त्याच गावचं पोरगं धडकलं. पोराच्या बापाने मला वकील केलं. अध्यक्ष दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही, कंपनीने पैसे भरले तेव्हा बोलायला लागला. लहान गावात दोन्ही पार्ट्या तुझ्या ओळखीच्या असणार, हे धरूनच चाल.

शेवटी कुठलं पुस्तक आधी घेऊ असं विचारलंयस. कुठलंच घेऊ नको. माझ्या ऑफिसात सीनियरांनी मला वाचायला दिलेल्या त्या जुन्या एफआयआरचा गठ्ठा अजून आहे, लाल कापडात बांधलेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं की सकाळी नऊला ये, मोठ्याने वाचायला लाग, मी चहा पीत ऐकतो.